निघालो वाडीला, बसलो मिरजेच्या उरसात

शुक्रवार

बेत साधा होता. आत्याला नरसोबाच्या वाडीला जायचं होतं, मला खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बघायचं होतं, आणि दोन्हींना सोयीचं मोठं स्टेशन म्हणजे मिरज. कोयना एक्सप्रेसनं संध्याकाळी उतरायचं, लॉजवर झोपायचं, सकाळी पहिल्या एसटीनं वाडी गाठायची. लॉजवाला फोनवर "या की" एवढंच म्हणाला होता. गावात उरूस आहे हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ख्वाजा मीरासाहेबांचा उरूस हिजरी तारखेनं येतो, त्यामुळे आपल्या कॅलेंडरात तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. पुण्यात बसून हे कोणाच्या लक्षात राहणार? (मिरजेत मात्र लहान पोरालाही तारीख पाठ असते, हे नंतर कळलं.)

गाडीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. आत्यानं डब्यातले धपाटे समोरच्या कुटुंबाला वाटले आणि कराड येईपर्यंत त्यांच्या मुलीच्या लग्नाचं कुठवर आलंय इथपर्यंत चौकशी नेली.

मिरज स्टेशनबाहेर आलो तर रिक्षाच नाहीत. होत्या त्या सगळ्या भरून दर्ग्याकडे पळत होत्या. तिथंच एक मुलगा आणि एक मुलगी, विशी-बाविशीतली, दोन मोठे तानपुरे धरून उभी होती. दोन्हींवर मरून रंगाच्या गवसण्या. एक रिक्षा थांबली, दोन तानपुरे बघून निघून गेली. दुसरी थांबली ती आत्यासाठी, कारण आत्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती. आत बसल्या बसल्या तिनं त्या दोघांना हाक मारली, "अगं ये, एक इकडे दे. तू बस माझ्याशेजारी. तो येईल मागच्या रिक्षानं दुसरा घेऊन."

मला कोणी विचारलं नाही. मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसलो आणि मागे त्या दोघी तानपुरा मांडीवर आडवा घेऊन. भोपळा आत्याच्या पोटाशी, दांडी मुलीच्या खांद्यावरून तिरकी. मुलगी दांडीचं टोक बाहेर काढत होती, तेवढ्यात आत्या ओरडली, "बाहेर नको! कुठल्या खांबाला लागली तर मेरू निखळेल." (मेरू म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाकडची, तारा टेकायची पट्टी.) मुलीनं चमकून तिच्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही वाजवता?"

"वाजवायचे," आत्या म्हणाली. विशारद झाली आणि बँकेत लागली. तिचा तानपुरा आमच्या वाड्यातल्या कोपऱ्यात गवसणी घालून उभा असतो, लहानपणी आम्ही त्याला घाबरायचो, एवढीच मला तिच्या गाण्याची माहिती. तो मिरजेचाच आहे हे मला त्या रिक्षात कळलं.

मुलगी धारवाडची. तिच्या गुरू, म्हणजे 'बाई', बेळगावहून कारनं येत होत्या. कारमध्ये त्यांचे यजमान, तबलजी आणि दोन डग्गे. तानपुऱ्यांना जागा उरली नाही म्हणून शिष्य आणि तानपुरे रेल्वेनं. आज रात्री दर्ग्यात संगीत सभा, बाईंची हजेरी साधारण बारा-एकला. "तुम्ही या ना मावशी. तिकीट वगैरे काही नसतंय."

"बघू," आत्या म्हणाली. आमच्या घरात आत्याचा 'बघू' म्हणजे ठरलं.

लॉजवर सामान टाकलं, कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवलो. मी एकदा आशेनं सकाळच्या एसटीचा विषय काढून बघितला. आत्या शाल आणि मफलर घेऊन तयार होती.

दर्ग्याकडे जाणारा रस्ता पाळणे, बांगड्यांची दुकानं, मेवामिठाईचे ढीग, खेळण्यातल्या गाड्या आणि नारळ यांनी भरलेला. डाव्या हाताला फुलांच्या चादरी, उजव्या हाताला भजी. ज्याच्याकडून मी शेंगदाणे घेतले तो म्हणाला की उरसातला पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, तो मान त्यांचाच. तो स्वतः लिंगायत, दरवर्षी इथं गाडा लावतो. गर्दीत टोप्या होत्या, गांधी टोप्या होत्या, हळदीकुंकू लावलेल्या बायका होत्या, आणि नवस फेडायला आलेली कुटुंबं अंथरूण-पांघरूण घेऊनच आली होती.

सभेचा मांडव आत, आवारातच. सतरंज्या अंथरलेल्या, पुढच्या बाजूला काही खुर्च्या, मागे मोकळी जागा. निम्मे लोक गाणं ऐकायला आलेले आणि निम्मे दर्शन घेऊन सहज टेकलेले. त्या दुसऱ्या निम्म्यातली बरीच माणसं नंतर उठलीच नाहीत. एक म्हातारा मेंढपाळ काठी मांडीवर आडवी घेऊन बसला होता आणि सतारीच्या झाल्याला बरोबर समेवर मान हलवत होता. पुण्यात मी हजार-हजार रुपयांच्या खुर्च्यांवर बसून मोबाइल चाळणारे लोक बघितले आहेत. त्यात मीही आलो.

हे सगळं इथं का होतं, तर अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे. किराणा घराण्याचं नाव ज्या कैराना गावावरून पडलं तिथं १८७२ मध्ये त्यांचा जन्म, पण माणूस कायमचा झाला मिरजेचा. तरुणपणी इथं आले असताना प्लेगनं आजारी पडले, मीरासाहेबांपुढे बसून गायले आणि बरे झाले, असं इथला प्रत्येक जण सांगतो. पुढे सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम यांच्यासारखे शिष्य, आणि सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुलं. म्हणजे महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातलं अर्धं गाणं या एका माणसापर्यंत येऊन पोचतं. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांना बरं वाटेना. सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले, फलाटावर बसले, दरबारीत नमाजाचे शब्द गायले आणि तिथंच गेले. त्यांना आणलं मिरजेला. कबर याच आवारात आहे. उरसात त्यांच्या स्मरणार्थ रात्री गाणं-वाजवणं होतं, आणि इथं कलाकार 'कार्यक्रम करत' नाहीत, 'हजेरी लावतात'. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल यांनीही ती लावलेली आहे.

आम्ही मागे कुठंतरी बसणार होतो. पण धारवाडच्या मुलीनं आत्याला बघितलं आणि थेट मांडवाच्या बाजूला, जिथं वाद्यं लावायला बसतात तिथं नेलं. तानपुरा मांडीवर घेऊन आलेली बाई म्हणजे आपल्यातलीच, एवढ्या ओळखीवर आम्हाला चहा मिळाला आणि बसायला जाजम मिळालं. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मी आत्याचा भाचा म्हणून चालून गेलो.

आता थोडं या जागेबद्दल, कारण मला तरी स्टेजपेक्षा तिचंच जास्त आठवतं. उघड्यावरची थंडीतली रात्र, वरून दव. तबल्याच्या चामड्याला दमट हवा लागली की ते सैलावतं आणि स्वर उतरतो. दोन तबलजी गाद्यांवर बसून हातोडीनं गट्टे आणि गजरा ठोकत होते, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एकानं तबला शालीत गुंडाळून दिव्याजवळ ठेवला होता. तानपुरे भिंतीला टेकवलेले, त्यातले दोन खास बायकांचे, लहान भोपळ्याचे. ज्याची पाळी पुढे आहे तो तारा जुळवतोय, ज्याची होऊन गेली तो भडंग खातोय. आणि या सगळ्यातून समोरच्या माइकवर एक सतारवादक बागेश्री वाजवतोय, त्याच्या स्वरात हे जुळवणं मिसळू नये म्हणून सगळे तारेला कान लावून, अगदी हळू छेडत बसलेले.

तिथं पेटीवाले काका भेटले. सत्तरीच्या पुढचे, सांगली जिल्ह्यातल्याच एका गावचे, आयुष्यभर पिठाची गिरणी चालवली. "पट्टा घसराय लागला की मला आधी कानाला कळायचं, मग डोळ्याला," म्हणाले. बाईंना साथ तेच करणार होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, मग किराण्याच्या गाण्याला ती चालते कशी. काका खूश झाले. बहुतेक हा प्रश्न ते आयुष्यभर ऐकत आले असावेत.

"आकाशवाणीनं १९४० ला पेटीच बंद केली होती, म्हायतीय? १९७१ पर्यंत. तीस वर्षं. आणि गंमत बघा, पेटीत बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक स्वर, बसवायचा खटाटोप कुठं झाला? आमच्याच सांगलीत. देवल म्हणून रिटायर डेप्युटी कलेक्टर होते, आणि क्लेमंट्स म्हणून एक साहेब, आयसीएस. त्यांनी १९१० च्या आसपास मोजमापं घेतली, श्रुतींची पेटी करवून घेतली. आणि स्वर तपासायला गळा कोणाचा? खाँसाहेबांचा."

खाँसाहेबांच्या गोष्टी त्यांच्याकडे भरपूर. त्यांनी एका कुत्र्याला सुरात ओरडायला शिकवलं होतं आणि त्याचं नाव टिपू होतं, ही त्यातली एक. मला ती थाप वाटली. आत्या म्हणाली, छापून आलेलं आहे, गप्प बस.

साडेबाराच्या सुमारास बाई आल्या. पन्नाशीच्या, साधी इरकली, हातात थर्मास. त्यांनी आत्याला नमस्कार केला, "तुम्हीच का त्या रिक्षातल्या," म्हणाल्या आणि तानपुऱ्याजवळ बसल्या. मुलगा-मुलगी दोघं तानपुरे घेऊन समोर. पहिली तार पंचमावर होती. बाईंनी ती उतरवायला सांगितली, मध्यमावर. आत्या माझ्या कानात पुटपुटली, "पंचम काढला. म्हणजे मालकंस, नाहीतर आभोगी." मग बाईंनी मुलाकडून फोन घेतला, त्यावरचं तानपुऱ्याचं ॲप लावलं, ऐकलं आणि बंद केलं. "थंडीत हा बिचारा कधी उतरत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून हा फक्त तपासायला." फोन खिशात गेला. पुण्यात हल्ली बऱ्याच मैफलींत तानपुरा एक आणि त्यामागे यंत्र हळूच चालू असतं. तक्रार नाही, पण कळतं.

खुंटीवर स्वर ढोबळ आला की मग घोडीखालचे मणी. घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी. मणी केसभर खाली सरकवला की स्वर केसभर चढतो. मुलगी मणी सरकवत होती आणि बाई डोळे मिटून फक्त 'हं' किंवा 'नाही' म्हणत होत्या. हे बराच वेळ चाललं. मला सुरुवातीला काही फरक कळेना. मग एका 'हं'ला मधल्या दोन्ही जोडाच्या तारा अचानक एकच झाल्या आणि मागून, कोणी न छेडता, एक तिसराच स्वर निघायला लागला. आत्यानं माझा हात दाबला. "गंधार. ऐकलास? खर्जातून येतो. स्वयंभू."

आभोगीच होता. हा राग मूळचा दक्षिणेकडचा. हिंदुस्तानीत तो रुजवण्यात खाँसाहेबांचा मोठा हात, त्यांची आभोगीची तीन मिनिटांची जुनी तबकडीही आहे. म्हैसूरच्या दरबारात जाणं-येणं असल्यानं कर्नाटकी गाण्याचा त्यांना कान होता, त्यागराजांची एक कृतीसुद्धा त्यांनी रेकॉर्ड केली. आभोगीत पंचम नाही आणि निषादही नाही. पाच स्वरांत सगळा संसार. बाईंनी षड्जावर आणि त्याच्या खालच्या धैवतावर इतका वेळ काढला की माझ्यासारख्याला वाटावं, पुढे जाणार आहेत की नाही. विलंबित एकताल, ठेका अगदी सावकाश. गंधार आला तेव्हा मांडवातली कुजबुज थांबली होती. ती त्यामुळे थांबली की लोक झोपले होते म्हणून, हे मी शपथेवर सांगणार नाही. काही मुलं नक्कीच झोपली होती.

माझ्या मनात एक शंका घोळत राहिली. आभोगीचा गंधार कोमल, आणि तानपुऱ्यातून आपोआप निघतो तो शुद्ध. हे दोघं एकाच वेळी कसे राहतात? द्रुत संपल्यावर, मागे चहा घेताना, मी पेटीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, तोच तर खेळ. तो मागनं शुद्ध सांगत राहणार, आणि गाणाऱ्यानं आपला कोमल त्याच्या खाली धरून ठेवायचा. धरवत नसंल त्यानं पंधरा मिनिटांत बंदिश उरकावी." बाई ऐकत होत्या. हसल्या आणि म्हणाल्या, "काका मला बोलतायत." मग मला म्हणाल्या की जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारा घोडीचा उतार, फार उघडी असली तर तो शुद्ध गंधार जास्तच बोलतो, म्हणून मिरजेला यायचं त्यांना दुहेरी निमित्त असतं: हजेरी लावायची आणि दुसऱ्या दिवशी तानपुऱ्याची जवारी दाखवून जायची.

"उद्या जाणार?" आत्यानं विचारलं.

"दहाला. या तुम्ही."

"बघू."

त्यानंतर पहाटेपर्यंत एक तरुण गवई मालकंस गायला, चांगलं तयारीचं गाणं, पण तानांवर त्याचा जीव. आत्याचा निकाल: "घाई आहे रे. इथं कुठं लोकल पकडायचीय." मुलगा तानपुऱ्यावर पेंगत होता, बोटं मात्र चालू. तबलजी माझ्याशी गप्पा मारत बसला. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सोमवारी त्याच्याकडे केंद्रप्रमुख येणार होते आणि गुणवत्ता चाचणीच्या नोंदी भरायच्या राहिल्या होत्या. या आवारात वाजवायचं मानधन तो घेत नाही, घरून निघताना आईकडून दर्ग्यासाठी नारळ मात्र आठवणीनं घेऊन येतो.

परत लॉजवर पोचलो तेव्हा एसटी स्टँडवर वाडीच्या पहिल्या गाडीची पाटी लागत होती.

शनिवार

दहा वाजता आत्या आंघोळ करून खाली उभी होती. वाडी उद्या, म्हणाली, महाराज कुठं जात नाहीत.

सतारमेकर गल्लीत दुकानाच्या पाट्या बघतच चालायचं. एकाच आडनावाची घरं, बाहेर उन्हात वाळत टाकलेले भोपळे, आत लाकडाचा भुसा. ही माणसं मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाले घडवणारी आणि त्यांना धार लावणारी. इंग्रजांचा अंमल बसला, शस्त्रांचं काम संपलं. १८५० च्या सुमाराला संस्थानचे पटवर्धन गाण्याचे शौकीन, त्यांच्या आश्रयानं फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानं सतारी-तानपुरे करायला घेतले. तेव्हापासून धंदा घरातून घरात गेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे फ्लेक्स अजून एक-दोन ठिकाणी लटकत आहेत.

बाई ज्या कारखान्यात जातात तो म्हणजे घराची पुढची खोली. चाचा साठीचे, चष्मा कपाळावर. आत्याला "या बसा" आणि मला "भोपळ्यावर हात ठेवू नका पावणं, कच्चाय तो."

मी दीड-दोन तास तिथं बसलो आणि माझी ट्रिप वसूल झाली. भोपळा कडू जातीचा, खायचा नव्हे. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेकाठच्या शेतांतून. काही महिने वाळवतात, मग वरचा भाग कापून पाण्यात भिजवतात, आतला गर आणि बिया खरवडतात, आणि आकार फाकवून धरायला आत काठ्या अडकवून पुन्हा वाळवतात. आतून मोरचूद लावतात, नाहीतर कीड पडते. त्यावर तुणाच्या लाकडाचा गळा आणि दांडी, समोर तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण), मग नक्षी, मग लाखेचं पॉलिश. चाचांचा पुतण्या कोपऱ्यात बसून गळ्याभोवती पानं कोरत होता आणि कानात हेडफोन. काय ऐकतोय विचारलं तर क्रिकेटची कॉमेंट्री.

बाईंचा तानपुरा चाचांनी मांडीवर घेतला. आधी तारा उतरवल्या, घोडी मोकळी केली. ही घोडी पूर्वी सांबरशिंगाची करायचे, ते बंद झालं, आता हाडाची किंवा कृत्रिम. वरून बघितली तर सपाट वाटते, पण तिला अगदी पुसट उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते आणि त्या घासण्यातूनच तो झंकार येतो. हा उतार म्हणजे जवारी. चाचांनी बारीक कानस दोन-तीनदा फिरवली, फुंकर मारली, घोडी बसवली, तार चढवली, ऐकली, पुन्हा उतरवली. पुन्हा कानस. दर वेळी चारही तारा. मध्ये एकदा बाईंनी "थोडी गोल करा" म्हटलं, म्हणजे झंकार कमी आणि आवाज भरीव. चाचा म्हणाले, "गोल करतो, पन परत उघडी पाहिजे म्हणशीला तर घोडी एवढीच राहील," आणि नखाचं टोक दाखवलं. हाड घासलं की गेलं, परत येत नाही.

शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा. हा दोरा सरकवत सरकवत एका जागी आला आणि काल रात्री मागून आला होता तोच गंधार खोलीत आला, फक्त कालच्यापेक्षा आत बसलेला. बाईंनी मान हलवली. पुतण्यानंही एका कानातला हेडफोन काढला.

मग आत्यानं तो तानपुरा मागितला. मला वाटलं होतं ती गाणार. गायली नाही. मांडीवर घेऊन, गाल दांडीजवळ आणून, दहा-बारा मिनिटं नुसता छेडत बसली: मधलं बोट, तर्जनी, तर्जनी, तर्जनी. चाचा तिच्या बोटांकडे बघत होते. "तार ओढू नका ताई, सोडा," एकदा म्हणाले. तिनं सोडली. मग म्हणाले, "हां."

आत्याच्या घरच्या तानपुऱ्याची चौकशी निघाली. कधीचा, कोणाकडून घेतला, भोपळा केवढा. आत्यानं आतल्या कागदाच्या लेबलावरचं नाव सांगितलं. ते चाचांच्या मोठ्या चुलत्यांचं निघालं. तारा कधी बदलल्या या प्रश्नावर आत्यानं विषय बदलला.

चाचांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली ती इथं लिहून ठेवतो. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात पटाईत होते, कारागिरांबरोबर तासन्‌तास बसायचे. "आमच्या आजोबांना ते सांगायचे, तानपुरा बिघडला की गाणारा बिघडतो, आणि दोष गळ्याला देतो." आजोबांनी खरंच ऐकलं असेल की घरात पिढ्यान्‌पिढ्या फिरून हे वाक्य गुळगुळीत झालं असेल, कोण जाणे. मला ते पटलं. रात्रभर मांडवाच्या मागे जे बघितलं ते सगळं याच वाक्याच्या तयारीसाठी चाललेलं होतं: दवानं उतरणारा तबला, मणी, ॲप बंद करून खिशात घातलेला फोन. गाणारीचं नाव माइकवरून सांगितलं गेलं. तानपुऱ्यावरच्या दोघांचं नाव सांगितलं नाही, आणि ज्यानं जवारी लावली त्याचं तर कधीच सांगत नाहीत.

(नाव मीही इथं लिहिलेलं नाही, हे आत्यानं वाचून लगेच दाखवून दिलं. चाचांनीच नको म्हटलं. "पुण्याची मंडळी फोन करकरून भाव विचारत्यात.")

संध्याकाळी पुन्हा दर्ग्यात गेलो, पण गर्दी प्रचंड, मागे उभं राहूनच तासभर ऐकलं. पेटीवाले काका दिसले नाहीत. धारवाडची मुलं तानपुरे घेऊन दुपारच्या गाडीनं गेली होती, या वेळी त्यांना रिक्षा मिळाली की नाही देव जाणे.

रविवार

वाडीला सकाळीच पोचलो. मिरजेहून वीसेक किलोमीटर. कृष्णा-पंचगंगेचा संगम, पादुकांचं दर्शन, रांग बेताची. आत्यानं कवठाची बर्फी आणि पेढे घेतले, बासुंदी तिथंच प्यायली.

तिथून रिक्षा ठरवून खिद्रापूर. मी ज्यासाठी आलो होतो ते देऊळ शेवटी दोन तासांत बघावं लागलं, आणि ते त्याच्यावर अन्यायकारक आहे. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं काम. पुढचा स्वर्गमंडप अठ्ठेचाळीस खांबांचा, छताला मधोमध गोल मोकळा झरोका, त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. शंकराचं देऊळ असून नंदी नाही. नंदी म्हणे पलीकडे कर्नाटकात यडूरला. बाहेरच्या पट्टीवर हत्तींची रांग. मी फोटो काढत होतो तेव्हा आत्या बाहेरच्या भिंतीवरची वाद्यं शोधत फिरत होती. मृदंग सापडला, बासरी सापडली, झांजा सापडल्या. "तानपुरा कुठं आहे?" मी विचारलं. "तो तेव्हा कुठं होता," ती म्हणाली, "तो तर मागाहून आला," आणि पुढच्या भिंतीकडे गेली.

रात्री मिरज स्टेशनवर महालक्ष्मी एक्सप्रेसची वाट बघत असताना आत्यानं चाचांना फोन लावला. स्पीकरवर, कारण तिला तसंच जमतं, त्यामुळे अर्ध्या फलाटाला कळलं की तिचा तानपुरा कॉलेजपासूनचा आहे, दोन खुंट्या फिरतात आणि घोडीला चीर असावी. चाचांनी विचारलं, भोपळ्याला टिचकी मारली की आवाज कसा येतो. आत्यानं तो तोंडानं काढून दाखवला. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग चाचा म्हणाले की भोपळा ठीक वाटतोय, बाकीचं बघता येईल. उरसानंतर काम साचलेलं असतं, तेव्हा शिमग्यानंतर या. पण पावसाळ्याच्या आत, कारण दमट हवेत पॉलिश वाळत नाही. आणताना तारा सैल करायच्या, घोडी काढून वेगळी बांधायची, भोपळ्याला गादी लावायची आणि कोणाच्या तरी हातातच आणायचा, पार्सलनं मुळीच पाठवायचा नाही.

"भाचा आहे की," आत्या म्हणाली आणि पर्समधलं छोटं कालनिर्णय काढून एप्रिलमधला एक शनिवार गोल करून टाकला.